नावं सहा, नंबर एकच : क्रूझ जहाज हातोहात फिरतं तेव्हा काय बदलतं?

मुंबई-गोवा आणि मुंबई-लक्षद्वीप क्रूझच्या जाहिराती आता सांगली-मिरजेतल्या सहल कंपन्यांच्या पत्रकांवरही दिसतात. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडायची, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, बॅलार्ड पिअरचा धक्का तिथून टॅक्सीने अगदी जवळ. समुद्रापासून लांबच्या आपल्या जिल्ह्याला ही सहल हाताशी आली, ही आनंदाचीच गोष्ट. पण पैसे भरायच्या आधी घरातलं कुणीतरी मोबाइलवर जहाजाचं नाव टाकून बघतं आणि घोळ सुरू होतो. बांधणी १९९० सालची. आधीची नावं वेगळी. कंपनी आधी अमेरिकन, मग स्पॅनिश, पुन्हा अमेरिकन, आता भारतीय. त्यात एखादा जाणकार आठवण करून देतो, की याच्या आधीही मुंबईत असंच एक जहाज आलं होतं आणि दोन वर्षांच्या आत ते भंगारात गेलं.

यातली एकही गोष्ट खोटी नाही. सध्या धावणारं जहाज कॉर्डेलिया क्रूझेसचं 'एम्प्रेस'. भंगारात गेलेलं जलेश क्रूझेसचं 'कर्णिका'. दोन्ही १९९० सालीच सेवेत आलेली, दोन्ही तीस वर्षं परदेशात फिरून मुंबईत आलेली. एक संपलं, दुसरं चालू आहे. फरक कशामुळे पडला हे कळलं, की क्रूझच्या धंद्यातलं बरंच काही उलगडतं. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. मोठं जहाज सहसा म्हातारपणाने जात नाही, मालकाच्या हिशेबाने जातं. म्हणून वयाच्या आधी कागद विचारायला हवेत.

आधी नंबर बघा

जहाजाचं नाव केव्हाही बदलता येतं. रंग बदलता येतो, झेंडा बदलता येतो, मालक तर बदलतोच. बदलत नाही तो आयएमओ नंबर. आयएमओ म्हणजे समुद्री वाहतुकीचे नियम ठरवणारी संयुक्त राष्ट्रांची संघटना. तिने ठरवून दिलेला हा सात आकडी नंबर जहाजाला बांधणीच्या वेळी मिळतो आणि शेवटचा पत्रा कापला जाईपर्यंत त्याच्याकडेच राहतो. १९९६ पासून तो सक्तीचा आहे. नुसता कागदावर असून भागत नाही, जहाजाच्या अंगावर कायमचा उमटवावा लागतो. बाहेरच्या बाजूला किमान २०० मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत आणि आत इंजिन रूमच्या भिंतीसारख्या जागी. प्रवासी जहाजावर तो वरून विमानातूनही वाचता येईल असा आडव्या पृष्ठभागावर लिहावा लागतो.

एम्प्रेसचा नंबर आहे ८७१६८९९. कागद-पेन्सिल घेऊन एक गंमत करून बघा. पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा : ५६, ४२, ५, २४, २४, १८. बेरीज येते १६९. या बेरजेचा शेवटचा आकडा ९, आणि नंबरातला सातवा आकडाही ९. प्रत्येक खऱ्या आयएमओ नंबरात हा मेळ बसतो. लिहिताना एखादा आकडा चुकला, तर बहुतेक वेळा तिथेच पकडला जातो. कर्णिकेचा नंबर होता ८५२१२२०. त्याचा ताळा शाळकरी मुलांकडून करून घ्या.

हा नंबर जहाजांचा माग दाखवणाऱ्या चांगल्या संकेतस्थळावर टाकला, की त्या जहाजाचा पूर्वेतिहास नावानिशी समोर येतो. नावावरून शोधायला गेलं तर फसगत होते, कारण एकाच नावाची जहाजं पिढ्यान्‌पिढ्या निघत असतात. 'क्राउन प्रिन्सेस' नावाचं एक मोठं जहाज आजही समुद्रात आहे, आणि आपल्या कर्णिकेचं पहिलं नावही क्राउन प्रिन्सेसच होतं.

कर्णिकेचा प्रवास

इटलीच्या ईशान्य टोकाला, त्रिएस्तेजवळ मोनफाल्कोने नावाचं गाव आहे. तिथल्या फिनकांतिएरीच्या गोदीत हे जहाज बांधलं गेलं. मागणी नोंदवली होती सिटमार नावाच्या कंपनीने. पण १९८८ मध्ये ब्रिटनच्या पी अँड ओने सिटमारच विकत घेतली आणि अर्धवट बांधलेलं जहाज पी अँड ओच्या 'प्रिन्सेस' या शाखेकडे आलं. म्हणजे पाण्यात उतरण्याआधीच त्याचा धनी बदलला होता. बाहेरचा आकार रेंझो पियानो या वास्तुरचनाकाराने दिला. पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या रचनेत ज्यांचा वाटा, तेच हे. डॉल्फिनच्या डोक्यासारखा गोलसर पुढचा भाग ही त्यांची कल्पना. लांबी २४५ मीटर आणि आकारमान सुमारे ७० हजार जीटी. (जीटी म्हणजे ग्रॉस टनेज. जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेचं ते माप आहे, वजन नव्हे.) १९९० मध्ये न्यूयॉर्कला नामकरण झालं, ते अभिनेत्री सोफिया लॉरेन यांच्या हस्ते. त्या काळातलं ते जगातल्या मोठ्या क्रूझ जहाजांपैकी एक होतं.

बारा वर्षं ते क्राउन प्रिन्सेस म्हणून फिरलं. २००२ मध्ये जर्मन प्रवाशांसाठी 'आरोसा ब्लू' झालं. २००४ मध्ये 'आयडाब्लू' झालं आणि पुढच्या टोकावर आयडा कंपनीच्या पद्धतीप्रमाणे मोठाले ओठ आणि डोळे रंगवले गेले. २००७ मध्ये ब्रिटिश प्रवाशांसाठी 'ओशन व्हिलेज टू'. २००९ च्या अखेरीला ऑस्ट्रेलियात 'पॅसिफिक ज्वेल'. आणि २०१९ मध्ये मुंबईत 'कर्णिका'. तीस वर्षांत सहा नावं.

ही यादी वाचून कुणालाही वाटेल, की जहाजाचे सहा मालक झाले. तसं झालेलं नाही, आणि नेमकी इथेच लोकांची दिशाभूल होते. पी अँड ओ प्रिन्सेस कंपनी २००३ मध्ये कार्निव्हल समूहात गेली. आरोसा, आयडा, ओशन व्हिलेज, पी अँड ओ ऑस्ट्रेलिया या सगळ्या पाट्या त्या एकाच घराण्यातल्या. जर्मनीत गर्दी वाढली, जहाज तिकडे दिलं. तिकडे नवं जहाज आलं, हे ब्रिटनला पाठवलं. ब्रिटनचा तो प्रयोग आवरता घेतला, ऑस्ट्रेलियाला धाडलं. एका घरातल्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत सामान हलवावं, इतकाच त्याचा अर्थ. खऱ्या अर्थाने परक्या माणसाकडे विक्री झाली ती २०१९ मध्येच, मुंबईला येताना.

नावं बदलायची कशाला?

गिऱ्हाईक बदललं म्हणून. जर्मन प्रवाशाला जर्मन बोलणारा वेटर, जर्मन जेवण, ओळखीची पाटी हवी असते. ऑस्ट्रेलियन कुटुंबाला स्वस्तातली सुटी हवी असते. त्यात लपवाछपवीचा भाग नसतो, जुनी नावं जहाजाच्या नोंदींत राहतातच. बऱ्याच जहाजांवर तर जुन्या नावाची वेल्डिंगने उठवलेली अक्षरं तशीच असतात. वरून कितीही रंग चढवा, तिरपं ऊन पडलं की आधीचं नाव उमटून दिसतं.

मोठ्या कंपन्या आपली जहाजं अशी खाली-खाली का ढकलतात, याचं उत्तर आकारात आहे. रॉयल कॅरिबियनचं २०२४ मध्ये आलेलं 'आयकॉन ऑफ द सीज' सुमारे अडीच लाख जीटीचं आहे, आपलं एम्प्रेस साडेअठ्ठेचाळीस हजारांचं. पाचपट जहाजाला पाचपट कॅप्टन लागत नाहीत. इंधन, पगार, बंदराचं शुल्क हे दर प्रवाशामागे मोजलं, की मोठं जहाज स्वस्त पडतं. शिवाय आजच्या प्रवाशाला बाल्कनी असलेली खोली हवी आणि १९९० च्या जहाजांवर बाल्कन्या मोजक्याच. म्हणून जुनं जहाज फ्लॉरिडातून उठतं आणि जिथे क्रूझ अजून नवलाईची आहे अशा बाजारात येतं. भारत हा तसा बाजार आहे.

मालक कोण, कसणारा कोण, झेंडा कुणाचा?

ज्याला सातबारा वाचता येतो त्याला जहाजाचे कागद निम्मे समजलेच. सातबाऱ्यावर नाव एकाचं असतं आणि रान खंडाने दुसराच कसत असतो. बांधावरून जाणाऱ्याला वाटतं, की कसतोय त्याचंच रान. जहाजाचंही तसंच. ज्या कंपनीचं नाव तिकिटावर आणि चिमणीवर असतं ती चालवणारी कंपनी. कागदोपत्री मालक निराळा असू शकतो. बहुतेक वेळा ती केवळ त्या एका जहाजासाठी स्थापन केलेली कंपनी असते. यामागे साधा हिशेब आहे. कायद्याप्रमाणे एका जहाजाच्या देण्यापोटी त्याच मालकाचं दुसरं जहाजही अडवता येतं. प्रत्येक जहाज वेगळ्या कंपनीच्या नावावर ठेवलं, की एकाची झळ दुसऱ्याला पोचवणं अवघड होतं.

आणि झेंडा? जहाज ज्या देशाच्या दप्तरात नोंदलेलं असतं, त्या देशाचा झेंडा आणि कायदा त्याला लागू. जमीन एका गावच्या दप्तरातून उचलून दुसऱ्या गावच्या दप्तरात नेता येत नाही, जहाज मात्र नेता येतं. बहामास, पनामा, लायबेरिया या देशांच्या दप्तरात जगातली असंख्य जहाजं आहेत. कर कमी, कर्मचारी कुठल्याही देशाचे ठेवायची मुभा, नोंदणी झटपट. परदेशी झेंडा दिसला म्हणजे काहीतरी काळंबेरं, असं मानायचं कारण नाही. मात्र वाद झाला तर कुठल्या देशाचा कायदा लागू होईल, हा प्रश्न त्या झेंड्यापासून सुरू होतो.

जहाजावरचा बोजा

हा भाग नीट वाचा, कारण कर्णिकेचं जे झालं ते इथून कळतं.

रान विकत घेताना आपण इतर हक्काचा रकाना बघतो. सोसायटीचं कर्ज असेल तर तिथे बोजा दिसतो. बेबाकी दाखला आणून बोजा उतरवल्याशिवाय शहाणा माणूस खरेदीखत करत नाही. कारण मालक बदलला तरी बोजा जमिनीलाच चिकटून राहतो. जहाजावरचा बोजाही असाच जहाजाला चिकटतो, मालकाला नाही. मात्र एक मोठा फरक आहे. बँकेचं तारण जहाजाच्या नोंदवहीत दिसतं, पण सगळ्यात जड देणी कुठल्याच नोंदवहीत दिसत नाहीत. खलाशाचा थकलेला पगार कुणी नोंदवहीत चढवत नाही. तरीही तो त्या जहाजावरचा पहिला बोजा असतो.

भारतात यासाठी २०१७ चा ॲडमिरल्टी कायदा आहे. ॲडमिरल्टी म्हणजे समुद्री दावे चालवण्याचा न्यायालयाचा अधिकार. १ एप्रिल २०१८ पासून हा कायदा लागू झाला. त्याआधी आपण १८४० ते १८९१ च्या दरम्यानच्या इंग्रजी अमदानीतल्या कायद्यांवर काम भागवत होतो. नव्या कायद्याने पहिल्या दर्जाची पाच देणी ठरवली आणि त्यांचा क्रमही लावून दिला. सर्वांत आधी कॅप्टन आणि कर्मचाऱ्यांचे पगार, घरी परतण्याचा खर्चही त्यातच. मग जहाजामुळे झालेल्या मृत्यूची किंवा इजेची भरपाई. मग बुडणारं जहाज वाचवणाऱ्याचा मोबदला. मग बंदराचं शुल्क. शेवटी जहाज चालवताना इतरांच्या मालमत्तेचं झालेलं नुकसान. ही पाचही देणी मालक, नोंदणी किंवा झेंडा बदलला तरी जहाजावर कायम राहतात. त्यांची मुदत एक वर्ष, पगारासाठी दोन वर्षं. त्यांच्यामागे नोंदलेलं तारण, म्हणजे बँका. आणि त्यांच्याही मागे बाकीचे सगळे.

जगभर चालत आलेला एक नियम मला या सगळ्यात फार महत्त्वाचा वाटतो. इंजिन रूममध्ये घाम गाळणाऱ्या माणसाचा पगार बँकेच्या कोट्यवधींच्या कर्जाआधी येतो. जमिनीवरच्या किती धंद्यांत असं होतं?

दावा लावायची रीतही निराळी. दावा थेट जहाजावर दाखल करता येतो, प्रतिवादी म्हणून जहाजाचंच नाव. न्यायालयाने मान्य केलं, की जहाजाला 'अटक' होते. मुंबई बंदरात शेरीफच्या कार्यालयामार्फत वॉरंट जहाजावर बजावलं जातं. तेव्हापासून ते जहाज धक्का सोडू शकत नाही. परदेशी मालक कुठे बसलाय हे शोधत बसावं लागत नाही. जहाज इथे आहे ना, मग तेवढं पुरे.

२०२० : लिलाव आणि अलंग

एप्रिल २०१९ मध्ये कर्णिका मुंबईत आलं, तेव्हा भारतीय प्रवाशांसाठी, भारतीय जेवणासह, मुंबईहून निघणारं मोठं क्रूझ जहाज म्हणून त्याचं कौतुक झालं. एक हंगाम पार पडला. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे प्रवास थांबले.

उभ्या जहाजाचा खर्च थांबत नाही. आत माणसं लागतात, त्यांना जेवण लागतं, जनरेटर चालू ठेवावे लागतात, नाहीतर आग विझवण्याची यंत्रणाही बंद पडेल. बंदराचे पैसे रोज चढतात. विमा चालू ठेवावा लागतो. कार्निव्हल आणि रॉयल कॅरिबियन या बड्या कंपन्यांनी त्या वर्षी अब्जावधी डॉलरची कर्जं उचलून दिवस काढले. एका जहाजाच्या नव्या कंपनीला ते जमणारं नव्हतं. देणी साचली, दावे मुंबई उच्च न्यायालयात गेले, न्यायालयाच्या आदेशाने जहाज विकलं गेलं आणि २०२० संपायच्या आत ते गुजरातच्या भावनगर जिल्ह्यात, अलंगच्या किनाऱ्यावर पोचलं.

अलंगला जहाजं तोडायचं काम १९८३ पासून चालतं. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक प्रचंड असतो. मोठ्या भरतीला जहाज स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर किनाऱ्याकडे सोडतात, ओहोटी लागली की ते चिखलात बसतं आणि तिथेच त्याचं काम सुरू होतं. आधी आतलं सामान निघतं. अलंगकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा या सामानाची दुकानं आहेत. जहाजावरच्या खुर्च्या, गाद्या, काचेचे पेले, स्वयंपाकघरातली स्टीलची टेबलं, लाइफ जॅकेट, सगळं विकायला मांडलेलं. मग पत्रा कापला जातो आणि लोखंडाच्या सळ्या पाडणाऱ्या कारखान्यांकडे जातो.

इथे एक शंका हमखास येते. बोजा जर जहाजाला चिकटतो, तर लिलावात घेणाऱ्याच्या बोकांडी तो बसत नाही का? नाही. कायद्याने इथे स्पष्ट तोड दिली आहे. उच्च न्यायालयाच्या आदेशाने विकलेलं जहाज घेणाऱ्याला सगळ्या बोज्यांतून मोकळं होऊन मिळतं. बोजा जहाजावरून उठतो आणि लिलावातून आलेल्या पैशावर बसतो. ते पैसे न्यायालयात जमा होतात आणि दावेदार वर सांगितलेल्या क्रमाने रांगेत उभे राहतात. असं नसतं, तर बोजा चढलेलं जहाज कुणी विकतच घेतलं नसतं आणि ते धक्क्यावर गंजून गेलं असतं.

भंगारवाल्यालाच का गेलं, कुणी चालवायला का नाही घेतलं? २०२० च्या अखेरीला जुनं जहाज चालवायला घेण्याच्या मनःस्थितीत क्वचितच कुणी होतं. गिऱ्हाईक होतं ते मुख्यतः लोखंडाला. त्याच वर्षी कार्निव्हलची तीन जहाजं तुर्कस्तानात अलियागाला मोडीत निघाली. त्यातलं 'फॅन्टसी' तर १९९० चंच, कर्णिकेच्याच वयाचं.

जुळं भावंड मात्र आजही फिरतंय

वयावर सगळं ठरत नाही, याचा पुरावा मोनफाल्कोनेच्या त्याच गोदीतला आहे. १९९१ मध्ये तिथूनच कर्णिकेचं जुळं भावंड निघालं, 'रिगल प्रिन्सेस'. तोच आराखडा, तेच डॉल्फिनसारखं डोकं. २००७ मध्ये ते ऑस्ट्रेलियात 'पॅसिफिक डॉन' झालं. २०२० मध्ये बिटकॉइनच्या काही चाहत्यांनी ते विकत घेतलं आणि बिटकॉइनच्या अज्ञात जनकाच्या नावावरून 'सातोशी' असं त्याचं नाव ठेवलं. पनामाजवळ समुद्रात ते कायमचं उभं करायचं आणि त्यात लोकांनी राहायचं, अशी योजना होती. ती बारगळली, कारण असल्या तरंगत्या वसाहतीचा विमा उतरवायला कुणी तयार होईना. विमा नाही म्हणजे जहाज नाही, हा या धंद्यातला पक्का नियम.

भंगारात जाण्याच्या उंबरठ्यावरून ते परत फिरलं. ब्रिटनच्या अ‍ॅम्बॅसडर क्रूझ लाइन या नव्या कंपनीने ते घेतलं, 'अ‍ॅम्बियन्स' नाव दिलं, आणि एप्रिल २०२२ पासून लंडनजवळच्या टिलबरी बंदरातून ते प्रवासी घेऊन निघू लागलं. एकाच आराखड्याची, वर्षाच्या अंतराने बांधलेली दोन जहाजं. एकाच्या अलंगमध्ये सळ्या झाल्या, दुसऱ्यावर ब्रिटिश पेन्शनर नॉर्वेचे फियोर्ड (डोंगरांत शिरलेल्या खाड्या) बघायला जातात. फरक लोखंडात नव्हता. एकाला नड होती त्या महिन्यांत गिऱ्हाईक मिळालं नाही, दुसरं काही महिने तग धरू शकलं.

'पण पस्तिशी ओलांडलेलं जहाज सुरक्षित कसं?'

रास्त प्रश्न आहे. जहाजाची तपासणी मोटारीच्या पासिंगपेक्षा फार कडक असते. प्रवासी जहाजाचं सुरक्षा प्रमाणपत्र जास्तीत जास्त बारा महिन्यांचं असतं, दरवर्षी नव्याने तपासणी करूनच ते मिळतं. शिवाय 'वर्गीकरण संस्था', म्हणजे जहाजाचा सांगाडा आणि यंत्रं तपासून दाखला देणाऱ्या स्वतंत्र तांत्रिक संस्था, दर पाच वर्षांनी सखोल पाहणी करतात. पत्र्याची जाडी यंत्राने मोजली जाते. झिजलेला पत्रा बदलावाच लागतो. पंधरा-वीस वर्षांनंतर ही पाहणी अधिक कडक होत जाते.

खरोखर जुनी म्हणावीत अशी जहाजं केव्हाच गाळली गेलीत. ऑक्टोबर २०१० पासून आग पकडणाऱ्या लाकूडकामाविषयीचे नियम सगळ्याच प्रवासी जहाजांना सक्तीचे झाले आणि पन्नास-साठच्या दशकातली कितीतरी देखणी जहाजं त्यामुळे निवृत्त झाली. १९९० ची जहाजं त्या चाळणीतून पार पडलेली आहेत.

तरीही वयाचा फरक अजिबात नाही, असं मी म्हणणार नाही. नळ, वातानुकूलन, लिफ्ट या गोष्टी जुन्या जहाजावर कुरकुरतात. खोल्या लहान, बाल्कन्या कमी. त्रास होईल तो सोयींचा. जहाज किती जुनं यापेक्षा ते आता चालवणारी कंपनी देखभालीवर खर्च करू शकते का, हा प्रश्न मोठा आहे. म्हणून पुन्हा गाडी मालकाच्या हिशेबावरच येते.

एम्प्रेसचा हिशेब

एम्प्रेस फ्रान्समध्ये साँ-नाझेरच्या गोदीत बांधलं गेलं. मागणी अ‍ॅडमिरल क्रूझेसची. ती कंपनी रॉयल कॅरिबियनमध्ये मिसळली आणि जहाज १९९० मध्ये 'नॉर्डिक एम्प्रेस' म्हणून निघालं. मायामीहून बहामासला तीन-चार रात्रींची सहल, एवढ्याच कामासाठी ते आखलेलं होतं. आज मुंबईहून गोव्याला शनिवार-रविवार जोडून जाणाऱ्यांना ते सोयीचं पडतं, त्यामागे हेही कारण आहे. २००४ मध्ये 'एम्प्रेस ऑफ द सीज', २००८ मध्ये स्पेनच्या पुलमांतुरकडे नुसतं 'एम्प्रेस'. पुलमांतुर तेव्हा रॉयल कॅरिबियनच्याच मालकीची, म्हणजे इथेही घरातल्या घरातच हलवाहलव. २०१६ मध्ये ते परत आलं. क्यूबाची दारं अमेरिकन प्रवाशांना उघडली, तेव्हा हवानाच्या लहान बंदरात मावणारं जहाज म्हणून २०१७ पासून याचीच निवड झाली. २०१९ मध्ये ती दारं पुन्हा मिटली. २०२० च्या अखेरीला रॉयल कॅरिबियनने ते विकलं आणि सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलियाच्या पाटीखाली मुंबईहून त्याचे प्रवास सुरू झाले.

तारखा नीट बघा. कर्णिका कोरोनाच्या एक वर्ष आधी आलं, एम्प्रेस पहिला तडाखा ओसरल्यावर. तेव्हा जुनी जहाजं मातीमोल भावात मिळत होती आणि दीड वर्ष घरात कोंडलेले लोक बाहेर पडायला उतावीळ होते.

कॉर्डेलियाने २०२५ मध्ये पुढचं पाऊल जाहीर केलं. अमेरिकेतल्या नॉर्वेजियन क्रूझ लाइन या कंपनीची 'नॉर्वेजियन स्काय' आणि 'नॉर्वेजियन सन' ही जहाजं दीर्घ मुदतीच्या भाडेकरारावर घ्यायची, पहिलं २०२६ साठी, दुसरं २०२७ साठी. म्हणजे सातबारा नॉर्वेजियनचा, कसणार कॉर्डेलिया. भाड्याचं जहाज म्हणजे कमी भरवशाचं, असं समजू नका. मूळ मालकाला आपली कोट्यवधींची मालमत्ता नीट राहावी असं वाटत असतं, म्हणून देखभालीच्या अटी करारातच असतात. चालवणाऱ्या कंपनीवर भाड्याचा हप्ता मात्र दरमहा असतो, हंगाम चालो न चालो.

आपले पैसे रांगेत कुठे?

सगळ्यात मागे. वर पहिल्या दर्जाची पाच देणी सांगितली, त्यांत प्रवाशाने आगाऊ भरलेलं तिकीट नाही. पगार, बंदर, बँक यांचं भागल्यावर उरलं तर. म्हणून काळजी सहलीच्या आधीच घ्यायची. सात-आठ महिने आधी पूर्ण रक्कम भरायची घाई करू नका, हप्त्याची सोय असेल तर ती घ्या. क्रेडिट कार्डाने भरलेले पैसे, सेवा मिळाली नाही तर बँकेकडे तक्रार करून परत मागता येतात, रोखीने दिलेले तसे मागता येत नाहीत. पावती कुणाच्या नावाची आहे ते बघा, जहाज कंपनीची की इथल्या एजंटाची. प्रवास विमा घेतलात, तर कंपनी बुडाल्यास भरपाई मिळते का ते विचारा. बऱ्याच पॉलिसींत ती नसते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, त्यामुळे सांगलीच्या माणसाला मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. अर्थात कंपनीकडे पैसाच उरला नसेल, तर आयोगाचा आदेशही कागदावरच राहतो.

आपल्याकडची मुलं-मुली हॉटेल मॅनेजमेंट करून क्रूझवर नोकरीला जातात, त्यांच्यासाठी हा विषय सहलीपेक्षा जवळचा आहे. नोकरी देणाऱ्या एजन्सीकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना, म्हणजे जहाजावर माणसं भरती करण्याचा परवाना, आहे का, हे आधी तपासा. करारात जहाजाचा आयएमओ नंबर मागून घ्या आणि त्यावरून मालक कोण, झेंडा कुणाचा ते बघा. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराप्रमाणे, जो भारताने २०१५ मध्ये स्वीकारला, मालकाने कर्मचाऱ्यांना वाऱ्यावर सोडलं तर चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार, जेवणखाण आणि घरी परतण्याचा खर्च विम्यातून मिळायला हवा. दोन महिने पगार झाला नाही, तरी 'वाऱ्यावर सोडलं' असं धरलं जातं. या विम्याचं प्रमाणपत्र जहाजावर सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी लावावं लागतं आणि त्यावर विमा देणाऱ्याचा संपर्कही असतो. जहाजावर पाय ठेवल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याचा फोटो काढा आणि घरी पाठवून ठेवा.